धन्याचं नाव

मिरजगावच्या दवाखान्यात मनकर्णा आया होती. वय छत्तीस. तेराव्या वर्षी लग्न झालं, पंधराव्या वर्षी नवरा पटकीनं गेला आणि सासरी नांदायला जायच्या आधीच ती विधवा झाली. पुढं गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिच्या हातानं कापली गेली, पण बारशाला तिला कुणी पाळण्याजवळ येऊ दिलं नाही. बाळंतीण सुटली की आयाबाईनं मागच्या दारानं निघायचं, असा जगाचा कायदा. तो करणाऱ्याचं वाटोळं होवो, दुसरं काय म्हणायचं.

बहात्तरच्या दुष्काळात गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं. तिथला एक मुकादम पायावर दगड पडला म्हणून पट्टी बांधायला आला. उंचापुरा, एक दात सोन्याचा, बोलायला गोड. जखम आठवड्यात भरली, तरी गडी महिनाभर पट्टी बदलायला येत राहिला. नाव सांगितलं गोरक्ष. बायको बाळंतपणात गेली, घरी चुलीपुढं कुणी नाही, असंही सांगितलं. एक दिवस बारा वाजता पट्टी बांधून घेताना त्यानं सहज विचारलं, "जेवलीस का?"

एवढंच. वीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मनकर्णा आत गेली आणि कापसाच्या डब्यापुढं उभी राहून रडली. डॉक्टरांना वाटलं, डोळ्यात आयोडीन गेलं.

दोन महिन्यांनी डोंगरातल्या एका देवीपुढं त्यानं तिच्याशी पाट लावला. विधवेच्या दुसऱ्या लग्नाच्या, पाटाच्या बाईला ओटीचा पहिला मान मिळत नाही, पण कपाळ तरी रिकामं राहत नाही. मनकर्णा ठळक कुंकू लावून दवाखान्यात आली, तेव्हा शेजारची कडूबाई भाजीची पाटी खाली ठेवून तिच्याकडं बघतच राहिली. मग नाव घे म्हणून तिनं मनकर्णेला दारातच अडवलं. मनकर्णा पोरीसारखी लाजली आणि आत पळाली.

धन्यानं तिला एकच गोष्ट बजावली होती. चारचौघांत माझं नाव काढायचं नाही, बायकोनं नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं. हे काय सांगायला हवं होतं? आईच्या दुधाबरोबर प्यायलेली गोष्ट. उलट आपला माणूस रीतीभातीचा आहे म्हणून तिला अभिमान वाटला.

पुढच्या महिन्यात तो तिची बोरमाळ आणि चांदीचे गोठ घेऊन नगरला गेला. मोडून नवीन डोरलं घडवून आणतो म्हणाला. सकाळच्या एसटीनं गेला तो गेलाच.

दहा दिवस वाट बघून मनकर्णा नगरला गेली. कुणाला काय विचारणार? उंच हायेत, सोन्याचा दात हाय, एवढंच सांगत सराफांच्या दुकानांतून फिरली. नाव काय, असं कुणी विचारलं की खाली मान. शेवटी एसटी स्टँडवर कंट्रोलरला गळ घातली, कर्ण्यावरून पुकारा करा म्हणून. तो म्हणाला, बाई, नावाशिवाय कुणाला पुकारू? मागं रांग लागलेली. मनकर्णेनं पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "मिरजगावच्या बाजारात ज्वारीच्या राशी, गोरक्षरावांचं नाव घेते कंट्रोलरपाशी."

सगळी रांग हसली. कंट्रोलरही हसला, पण भला माणूस, त्यानं तीनदा पुकारा केला. मनकर्णा संध्याकाळच्या गाडीपर्यंत खांबाला टेकून उभी होती. कुणी आलं नाही.

उन्हाळा सरता सरता दवाखान्यात पोलीस आला. राहुरीकडं एक माणूस सापडला होता, पाट लावून बायका फसवणारा. त्याच्या जबानीत मिरजगावची आयाबाई निघाली होती. मनकर्णेला तालुक्याच्या ठाण्यात नेलं. तिथं बाकावर लंकाबाई नावाची एक पंचविशीची बाई बसली होती, तिच्या कपाळावरही तसंच ठळक कुंकू. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोघींनाही सगळं कळलं.

फौजदार वयस्कर होता. त्यानं मनकर्णेला बसायला स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं. हा इसम एकट्या बायका हेरतो. आधी पाट लावतो, मग नाव घ्यायचं नाही म्हणून शपथ घालतो. मग तो कुठंही पळाला तरी बाई कुणाला विचारू शकत नाही. "तुमचं तोंड त्यानं तुमच्याच हातानं बांधून घेतलं, बाई," फौजदार म्हणाला. चोरानं रीत कशी कामाला लावावी बघा, आपण मेले नुसते पाळत बसतो.

मग त्याला समोर आणला. दाढी वाढलेली, पण दात तोच. पाय किंचित ओढत होता.

"हाच का? काय नाव सांगितलं होतं यानं तुम्हाला?"

मनकर्णेनं पदर डोक्यावर ओढला. हवालदार हसून म्हणाला, घ्या की उखाण्यात. त्या हसण्यानं तिला एसटी स्टँडवरची रांग आठवली. तिनं पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं आणि शेजाऱ्याच्या बैलाचं नाव सांगावं तसं म्हणाली, "गोरक्ष."

छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं तिला. फौजदारानं ते लिहून घेतलं आणि म्हणाला, "लंकाबाईला सोपान सांगितलं होतं. खरं नाव छगन. सोमवारी कोर्टात याच्याकडं बोट करून खरं नाव सांगायचं. वकील उलटसुलट विचारील, तिथं अडखळलात तर हा सुटला."

मनकर्णेनं मान हलवली. छगनला बाहेर नेत होते. तिच्याजवळून जाताना तो थबकला आणि अगदी हळू, दवाखान्यात विचारायचा तसं म्हणाला, "जेवलीस का?"

हवालदारानं त्याला पुढं ढकललं. मनकर्णा स्टुलावर तशीच बसून राहिली. सकाळपासून ती खरंच जेवली नव्हती.

त्यानंतर चार दिवसांत लंकाबाईचे भाऊ येऊन तिला घेऊन गेले. आमच्या बहिणीचा या भानगडीशी काही संबंध नाही, असं लिहून दिलं. त्यानं फसवलेल्या आणखी दोन बायका तर ठाण्यात आल्याच नव्हत्या. आता साक्षीला एकटी मनकर्णा उरली.

रविवारी दुपारी कडूबाई भाजी विकून परस्पर तिच्या खोलीवर आली. कोर्टात बावचळू नये म्हणून आजच तालीम करून घेऊ म्हणाली. पाटी पालथी घालून तिच्यावर बसली, तीच वकील.

"हं. ह्या मानसाला वळखता का?"

"व्हय."

"यानं तुमाला फशिवलं?"

"व्हय."

"तुमचा माल नेला?"

"नेला." मनकर्णेचा आवाज खणखणीत होता. कडूबाई खूश झाली.

"मग नाव सांगा याचं."

मनकर्णेनं तोंड उघडलं. नाव ओठापर्यंत आलं. काय अवघड होतं? तीन अक्षरं. गोरक्ष तर तिनं भर ठाण्यात म्हणून दाखवलं होतं. पण ते नाव खोटं होतं, ते घेतल्यानं कुणाचं काही कमी होणार नव्हतं. हे नाव मात्र खरं होतं.

"अगं, बोल की. मी न्हाई का म्हनत? छगन. म्हन."

मनकर्णेची मान खाली गेली. कडूबाईनं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं, आणि तेव्हा तिला दिसलं, मनकर्णेनं आज पुन्हा कुंकू लावलं होतं.

"मने, त्यो चोर हाय गं," कडूबाई म्हणाली.

"व्हय, चोर हायेत," मनकर्णा म्हणाली.

कडूबाईनं उठून पाटी सुलटी केली. चुलीवर सकाळची भाकरी होती, तिचा तुकडा मोडून मनकर्णेच्या पुढं ठेवला. मनकर्णेनं तो हातात घेतला आणि कडूबाईला विचारलं, कोर्टात त्यांना दुपारचं जेवायला देत असतील का?