आधी दुसऱ्याचं सांगायचं

"बसवलंय तर नीट बसवायचं की. डावीकडं कललेत बघ," शेजारच्या रंभाबाई श्रीदेवीच्या कानाशी पुटपुटल्या. "जिवंतपणी कधी असे बसले न्हाईत गुरुबसप्पा."

थोरली सून श्रीदेवीनं सासऱ्यांच्या पाठीमागचा लोड सारला. लिंगायताचं जाणं बसूनच: कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग. सात रस्ता चौकाजवळच्या त्या घराबाहेर माणसं खोळंबली होती, तीही दोन झेंडे घेऊन, दोन बाजूंना. उचलायला दोन मुलगे होते आणि त्यांचं एकमत होत नव्हतं.

काल गच्चीवर कुठला झेंडा लावायचा यावरून जिन्यात दोघं झोंबले, वडील, अप्पा, मधे होते आणि पायऱ्यांवरून खाली पडले. लोकांना मात्र 'अटॅक' सांगायचं, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं, ते कुणी विचारलं नव्हतं.

"जंगमस्वामी आपली कानडी वचनं म्हणतील, संस्कृत मंत्र न्हाय," थोरला मल्लिकार्जुन म्हणाला. "आपला धर्म वेगळा हाय."

"तो तुझ्या मोर्चात. अप्पा हिंदू म्हणून जगले," म्हणत धाकट्या मृत्युंजयनं भगवी शाल अप्पांच्या खांद्यावर टाकली.

मल्लिकार्जुननं ती हिसकली. मृत्युंजयनं त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. मल्लिकार्जुननं पेटती समई उचलून त्याच्या डोक्यात घातली. तेल, रक्त, बायकांच्या किंकाळ्या. एकमेकांचे गळे धरून दोघं भिंतीवर आदळले आणि अप्पा तोंडावर पडले. लिंग घरंगळत चपलांपर्यंत गेलं.

सकाळपासून न रडलेल्या नागव्वा उठल्या. सुनेला घेऊन त्यांनी नवऱ्याला पुन्हा बसवलं, लिंग पुसून हातावर ठेवलं. विभूतीवर कुणाचं रक्त होतं कळेना, घरातलंच होतं.

"बसा दोघं. लहानपणी भांडलात की काय करायला लावत होते मी?"

"अव्वा, आता काय ते..."

"आधी दुसऱ्याचं सांगायचं, मग आपलं. जमत नसंल तर ह्यांना बाया उचलतील. तुमचा खांदा नको."

मृत्युंजयनं कपाळावरचं रक्त निपटलं. "अण्णाला वाटतंय... मोठ्या गर्दीत आपलं नाव पुसलं जाईल. पुढं कुणी आपल्याला वळखणार न्हाय."

"बरोबर हाय का रे?"

मल्लिकार्जुन भावाकडं बघतच राहिला. शिवीशिवाय त्याचं म्हणणं या घरात पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं. "व्हय."

"आता तू."

"ह्याला वाटतंय, मी घर फोडतोय. मी वेगळं म्हटलं की... ह्याला एकटं पडल्यागत होतंय."

मृत्युंजयनं मान खाली घातली.

"झालं की मग! उचला आता," रंभाबाईंनी डोळे पुसले.

"अजून हाय," नागव्वा म्हणाल्या. "कालचं ऱ्हायलंय."

"अव्वा, लोक हायत," श्रीदेवी कुजबुजली.

"असू देत. सांग मल्लू."

मल्लिकार्जुनच्या तोंडात रक्त होतं. ते गिळून तो म्हणाला, "ह्याला वाटतंय, ते मी केलं."

"अण्णाला वाटतंय, मी."

नागव्वांनी दोघांचे हात धरले, घट्ट. बाहेरची माणसं दारात येऊन उभी होती.

"मी खालच्या पायरीवर होते. हात जोडून उभे होते हे, तुमच्या मधी. अटॅक न्हाय आला त्यांना. तुमी दोघांनी मारलं."