कोमट पाण्यातली नळी

टिटवीला टिटवी म्हणायचं कारण ती उठल्यापासून झोपेपर्यंत बोलत असे. घरात तिच्या बोलण्याला कोणी फारशी दाद देत नसे, आणि त्यावाचून तिचं काही अडतही नसे. मग नवव्या वर्षी जिन्यात तिचे पाय भरून यायला लागले, पुढे हात उचलेनात, आणि बोलता बोलता दम लागून ती मध्येच गप्प व्हायला लागली. तिच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं ते तेव्हा.

या आईची धाकटी बहीण, म्हणजे टिटवीची मावशी. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. धाकटीने उमेदीची सगळी वर्षं मायटोकॉन्ड्रियात घातली होती. पेशीच्या आत बसून शरीराला ताकद पुरवणारे हे कण. त्यांतल्या प्रथिनांना रसायनांचे बारीक तुकडे चिकटले की कामात बिघाड होतो, आणि कोणता तुकडा कुठे चिकटलाय ते यंत्रावर शोधायचं हा तिचा धंदा. घरच्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. कोणी विचारलं तर ताई, म्हणजे टिटवीची आई, सांगायची, "ती प्रथिनांवरचे डाग शोधते," आणि धाकटी फणकारायची. टिटवी आजारी पडली तेव्हा मात्र सगळं घर धाकटीच्या तोंडाकडे बघायला लागलं, आणि खरं सांगायचं तर त्या काळजीतही तिला ते आवडलं.

डॉक्टरांनी टिटवीच्या मांडीतून स्नायूचा एवढासा तुकडा काढला आणि त्यातला निम्मा धाकटीच्या प्रयोगशाळेत पाठवला. असा तुकडा युरियाच्या द्रावणात विरघळवतात. त्या कामाचा एक कडक नियम आहे, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, की युरिया गरम करायचा नाही. गरम झाला की तो फुटतो आणि त्याचेच तुकडे प्रथिनांना जाऊन चिकटतात. हा नियम मोडला म्हणून धाकटीने भल्याभल्यांची हजेरी घेतली होती, एकीला तर रडवलंही होतं.

पण त्या दिवशी नळीच्या तळाशी स्नायूचा एक कण विरघळेना. परक्याचा असता तर तिने खुशाल टाकून दिला असता. हा टिटवीचा होता. भूल देताना डॉक्टरांचाही जीव टांगणीला लागला होता, पुन्हा तुकडा काढू म्हणायची कोणाची छाती नव्हती. असल्या पोरीचा कण कचऱ्यात कसा टाकायचा? धाकटीने नळी कोमट पाण्यात धरली. गरम नव्हे, कोमट, अशी तिने स्वतःची समजूत घातली. कण विरघळला. तिला हायसं वाटलं आणि पुढच्या कामात ती ते विसरूनही गेली.

यंत्राने दाखवलं की टिटवीच्या मायटोकॉन्ड्रियातली प्रथिनं तुकड्यांनी नुसती माखलीत. निरोगी माणसांच्या नमुन्यांत तसलं जवळपास काही नव्हतं. धाकटीने यंत्र पुन्हा तपासलं, आकडे पुन्हा तपासले. नळीचा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही. शरीरातल्या युरियानेही असे डाग पडतात, हे तिला ठाऊक होतं. मग खाण्यातलं प्रथिनच कमी केलं तर युरिया कमी होईल आणि डागही.

"पण तिच्या रक्तात युरिया वाढलेला नाही," डॉक्टर म्हणाले.

"रक्तात नसेल. स्नायूत आहे."

"खात्री आहे तुमची?"

"पैजेवर सांगते."

डॉक्टरांकडे दुसरं काहीच नव्हतं. करून बघू, म्हणाले.

ताईने ते जिवाचं रान करून केलं. दूध बंद, अंडं बंद, डाळ चमचाभर. एकदा टिटवीने शेजारच्या मुलीच्या डब्यातलं अंडं तोंडात घातलं, तर ताईने बोट घालून ते बाहेर काढलं. "रडली खूप," तिने फोनवर सांगितलं, "पण मावशीने सांगितलंय म्हटल्यावर ऐकलं. आता स्वतःहूनच विचारते, हे मला चालतं का." धाकटीने दोघींना शाबासकी दिली. पोरगी वाळत चालली होती, खांद्याची हाडं फ्रॉकमधून दिसायला लागली होती. सगळे धरून चालले होते की आजार पुढे सरकतोय.

धाकटीला तुलनेसाठी त्याच रक्ताचा निरोगी नमुना हवा होता. तिने स्वतःच्या मांडीतला तुकडा काढून घेतला. त्याचाही एक कण तळाशी अडून बसला, आणि एकदा मोडलेला नियम दुसऱ्यांदा मोडायला हात कचरत नाही. यंत्राने तिच्याही प्रथिनांवर तेच डाग दाखवले. आधी तिला वाटलं, म्हणजे हे घराण्यातच आहे, आता माझी पाळी. मग तिला आठवलं की आपण मघाशीच सामानाची पिशवी घेऊन धापही न टाकता जिना चढून आलो. ती स्टुलावर बसली. समोर कोमट पाण्याचं भांडं होतं.

उरलेला तुकडा तिने गार ठेवून, नियमाने विरघळवला. एकही डाग नव्हता.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार होते, पण तिला थांबवेना. ती तशीच ताईकडे गेली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगून मोकळी झाली.

"ताई, ते डाग तिचे नव्हते. माझ्या हातून पडले. नळीत."

ताईने गॅस बंद केला. "म्हणजे दूध द्यायचं होतं?"

"हो."

"अंडं?"

"तेही."

"मग तिला झालंय काय?"

"माहीत नाही."

"आणि ही जी वाळली ती?"

"त्यातलं आजाराचं किती आणि माझं किती, आता नाही सांगता यायचं."

"भरून येईल?"

"थोडं येईल. सगळं नाही."

ताई ओरडली नाही. तिने ओरडावं, हात उगारावा, असं धाकटीला फार वाटलं. शेवटी धाकटीनेच खाली दुकानात जाऊन अंडी आणली, एक उकडलं, वाटीत कुस्करून मीठ घातलं आणि आतल्या खोलीत टिटवीच्या उशाशी बसली.

"खा बरं."

टिटवी वाटीकडे बघत राहिली. भूक डोळ्यांत स्पष्ट दिसत होती. "मला चालत नाही हे."

"आता चालतं."

"कोण म्हणालं?"

"मीच."

टिटवीने दाराकडे पाहिलं. ताई तिथे येऊन उभी होती. तिने नुसती मान डोलावली असती तरी पुरलं असतं. तिने आत येऊन धाकटीच्या हातातली वाटी काढून घेतली.

"उद्या डॉक्टरांना विचारते."

"ताई, खरंच सांगतेय. एक घासही वाया घालवायला नको आता."

"तेव्हाही खरंच सांगत होतीस."

टिटवीची नजर वाटीबरोबर दारापर्यंत गेली आणि परत आली. मावशीचा चेहरा पाहून तिने मोठ्या कष्टाने हात सरकवला आणि मावशीच्या हातावर ठेवला.

"राहू दे मावशी," ती म्हणाली. मग दम खाल्ला. "मला भूकच नाही."