घरच्या ओळीतली पाटी

आमच्या स्कार्विकमध्ये दुसऱ्याच्या बायकोकडे पाहिलं तर लोक एक वेळ माफ करतील, पण दुसऱ्याची पाटी हलवली तर नाही. धक्क्यावर लाइफबोटीच्या शेडला एक फळा ठोकलेला आहे. त्यावर खिळ्यांच्या दोन ओळी. वरची समुद्राची, खालची घराची. खेकड्यांचे पिंजरे उचलायला निघालेला माणूस आपल्या नावाची पाटी वर टांगतो, परत आला की खाली. ज्याची त्यानं. थंडीनं बोटं वळत नसली तरी ज्याची त्यानं. लाइफबोटीचा तांडेल रूबेन क्रॉ अंधारून यायला लागलं की फळ्याकडे बघतो. वर कुणी उरलं असेल तर दारूचे बार उडवून आपली माणसं बोलावतो आणि शोधायला लाइफबोट काढतो.

त्या नोव्हेंबरात एका दुपारी मी बटाटे सोलत होते. रेडिओवर समुद्राचं हवामान सांगतात तेव्हा आमच्याकडे कुणी बोलत नाही, रडणाऱ्या पोराच्या तोंडावरही हात ठेवतात. सकाळी आमच्या किनाऱ्याच्या, म्हणजे टाइनच्या पट्ट्यासाठी वारा सहा सांगितला होता. आता तोच माणूस त्याच इस्त्री केलेल्या आवाजात म्हणाला, "टाइन. ईशान्येचा वारा, नऊ, लवकरच दहा." दहा म्हणजे होड्या उलटवणारं वादळ, पण त्याचं काय जातंय, तो लंडनला बसलाय. माझा वॉल्ट नॅब खडकांच्याही पुढे गेला होता. मी सुरी टाकली आणि धक्क्याकडे धावले.

एकेक होडी आत येत होती. लाटा धक्का ओलांडून रस्त्यावर फुटत होत्या. माणसं जागा मिळेल तिथे होड्या ओढत होती, कुणी चॅपलच्या बोळात, कुणी बेकरीच्या दारात. कुणाची कुठली होडी ते कळायला मार्ग नव्हता. बराच वेळ मी त्या पावसात वॉल्टला शोधत फिरले, आणि मग फळा पाहिला. वॉल्टची पाटी खाली होती.

माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच असा राग आला! बायको इथे भिजतेय आणि हा सरळ पबमध्ये गेला असणार. मी घरी येऊन त्याच्यासाठी कलेजी आणि कांदा तव्यावर टाकला. कलेजीचं चामडं झालं तरी तो आला नाही, म्हणून मी तशीच पबात घुसले.

"काय एनिड, पहाऱ्यावर का?" कुणीतरी ओरडलं. "नवरा हरवला असेल तर आमच्यातला एखादा ने!"

"तुमच्यातला नेण्यापेक्षा खेकडा नेईन. त्याला निदान भाव तरी येतो," मी म्हटलं. सगळे खो खो हसले. "वॉल्टला पाहिलंय कुणी?"

हसणं थांबलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पाहिलं नव्हतं कुणीच.

चॅपलचा बोळ, बेकरी, सगळीकडे मी होड्यांची नावं हातानं चाचपली. वॉल्टची होडी नव्हती. तशी मी वॉल्टच्या आईच्या घराकडे वळले, कारण दुसऱ्याची पाटी हलवायची छाती असलेलं गावात एकच माणूस मला माहीत होतं.

सासूबाई शेगडीपाशी बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"मीच हलवली," त्या म्हणाल्या.

"आई! काय केलंत हे?"

"त्याच्या बापाची पाटी मी वर राहू दिली होती. सगळे म्हणाले, केझाया, हात लावू नकोस. नाही लावला. काय मिळालं? या वेळी मी त्याला घरात टांगलाय. तो येईल."

"पाटी हलवून माणूस येत नाही हो! रूबेनला वाटतंय सगळे घरी पोचले. तो शेडला कुलूप लावून जेवायला बसला असेल."

त्यांनी शेगडीत एक कोळसा सारला. मग हळूच म्हणाल्या, "बोट निघाली की कॉलिन जाणार."

कॉलिन माझा धाकटा दीर, लाइफबोटीचं इंजिन सांभाळायचा.

"एकाला आणायला दुसऱ्याला पाठवू? मला दोनच आहेत, एनिड."

मला त्यांची दया आली नाही. आली असती तर मी तिथेच बसून राहिले असते. माझा तर एकच होता. मी दार उघडं टाकून पळाले.

रूबेन खरंच जेवत होता. "पाटी खाली आहे, पोरी. मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

"त्याच्या आईनं हलवली."

रूबेननं काटा खाली ठेवला. एवढा लालबुंद माणूस, पण चेहरा पिठासारखा पांढरा पडला. "उजेड होता तेव्हा कळलं असतं तर..." एवढंच म्हणाला आणि तसाच उठला.

बार उडाले. सगळी दारं उघडली. माणसं बूट अडकवत धावत आली, आणि सगळ्यांच्या पुढे कॉलिन होता.

"तू नाही," रूबेन म्हणाला. "एका घरातले दोघं पाण्यात नकोत."

"मग इंजिन कोण बघणार? तुमची म्हातारी?" कॉलिन अंगात जाकीट चढवत म्हणाला. "भाऊ आहे माझा, रूबेन. सरका."

सासूबाई मागून आल्या होत्या. त्यांनी त्याची बाही धरली. ओरडल्या नाहीत, नुसती घट्ट धरून ठेवली. कॉलिननं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. "आई, जा, चहा टाक. दोघंही येऊन पितो."

बोट पाण्यात लोटताना आमच्याकडे बायका दोर धरतात. मीही धरला, तळहात सोलून निघाले. बोट लाटेवर चढली, उभी राहिली, पलीकडे गेली. सासूबाईंनी दोराला हात लावला नाही.

मग आम्ही शेडमध्ये वायरलेसपाशी बसून राहिलो. वायरलेसवर रूबेनची बायको फ्लोरी होती. पलीकडून रूबेनचा आवाज आला, तुटक तुटक. खडकांपाशी आहोत. होडी दिसत नाही. आणखी पुढे जातोय. मग नुसती खरखर. वाऱ्यानं शेडचे पत्रे उचकटत होते. कुणीतरी चहा दिला, तो मी हातात धरून बसले.

दार धाडकन उघडलं आणि वॉल्ट आत आला.

पायांपासून डोक्यापर्यंत चिखलानं माखलेला, पण आमच्या मागून, रस्त्याच्या बाजूनं आला. मी त्याच्या अंगावरच कोसळले. मारलंसुद्धा असेन, आता आठवत नाही.

"डोंगरापलीकडच्या नॅबथॉर्पच्या बंदरात शिरलो," तो धापा टाकत म्हणाला. "फोनच्या तारा पडल्यात. डोंगरावरून पळत आलो. म्हटलं, माझी पाटी वरच असणार, रूबेन उगाच या वाऱ्यात बोट काढेल." मग त्यानं शेडभर नजर फिरवली. बोटीची जागा रिकामी होती. "बोट कुठाय?"

फ्लोरी वायरलेसवर वाकली होती. "रूबेन, परत फिरा. वॉल्ट आलाय. घरी आलाय. ऐकू येतंय का? परत फिरा."

खरखर. तिनं पुन्हा सांगितलं, पुन्हा थांबली. वॉल्ट माझ्याकडे बघत होता, कॉलिन कुठे आहे ते त्यानं मला विचारलं नाही.

कोपऱ्यातून सासूबाई उठल्या. त्यांनी वॉल्टचं तोंड दोन्ही हातांत धरलं, अंगठ्यांनी त्याच्या गालांवरचा चिखल पुसला. मग त्याला सोडून त्या फ्लोरीच्या शेजारी जाऊन बसल्या.

"कॉलिनला सांग," त्या म्हणाल्या. "वॉल्ट आला म्हणून सांग. आता ये म्हणावं."

"सांगतेय, केझाया," फ्लोरी म्हणाली. "कधीची सांगतेय."