हात लागला ती सोंगटी

बोरी अरब गावच्या समाजमंदिरात सारीपाटाचे सामने ठरले. विमलताईंनी पंच म्हणून डोमाजीचं नाव पुढे केलं, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसली ती त्याची बायको, मथुराबाई.

हसण्यासारखंच होतं ते. डोमाजी खेळायचा बरा, पण दुसऱ्याच्या डावात बोलायचा फार. "ते नोको, हे मार!" "जोड तोडू नोको, बावा!" मागे एकदा त्याच्या सल्ल्यावरून सासरा-जावयात भांडण लागलं आणि पाट उधळला गेला होता.

"म्हणून तं भाऊले पंच करून राह्यली मी," विमलताई म्हणाल्या. "पंचाले डाव सांगता येत नाही."

विमलताई महिला बचत गटाच्या अध्यक्ष. कापसाचा भाव पडल्यापासून माणसं जमत ती मयत झालेल्या कुणाच्या तरी दारात, मान खाली घालून. एकदा तरी हसायला जमू, असा त्यांचा हट्ट होता. पोळा झाला होता, वेचणीला अवकाश होता, तेवढ्यात सामने उरकायचे होते.

त्यांनी नियम सगळ्यांपुढे बोलून दाखवले. कवड्या पाटावरच पडल्या पाहिजेत; एखादी बाहेर गेली किंवा कुणाच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली तर दान पुन्हा टाकायचं. समोरच्याची चाल होईपर्यंत कवड्या उचलायच्या नाहीत. हात लागला ती सोंगटी चालवायची. हरणाऱ्याला हसायचं नाही. आणि बघणाऱ्यानं डाव सांगितला तर त्यानं बाहेर जायचं. या शेवटच्या नियमाला सगळ्यांनी डोमाजीकडे पाहिलं.

"मायं बी नाव घ्या," मथुराबाई म्हणाली.

"तू खेयतं?" डोमाजी म्हणाला.

"काहून? खेयता येत नाही काय मले?"

येत होतं की. लग्न झाल्यापासून शेजारणींसोबत ती खेळतच होती. फक्त तिच्या पाठीशी डोमाजी बसायचा, आणि तिचा हात सोंगटीपर्यंत जायच्या आधी त्याचं बोट तिथं पोचलेलं असायचं.

सामन्यांत मथुराबाई एकेक डाव जिंकत गेली. घाई नाही, गडबड नाही. शेवटच्या डावाला ती आली तेव्हा समोर होता गावाशेजारच्या बंजारा तांड्यावरचा धावजी. धीम्या हाताचा, अदबीचा माणूस. प्रत्येक डावाआधी समोरच्याला रामराम घालायचा.

डोमाजी उठून उभा राहिला. "विमलताई, बायकोच्या डावात मी पंच कसा? दुसरा कोनी बसवा."

धावजीच म्हणाला, "बसा ना भाऊ. तुमी गप बसता कसे, हे पाहाले अर्धा तांडा आला."

समाजमंदिर हसलं. डोमाजी बसला.

डाव बरोबरीनं चालला. मथुराबाईच्या लाल सोंगट्या घराकडे येत होत्या, धावजीच्या काळ्याही. मग धावजीला जोड तोडावी लागली आणि त्याची एक काळी सोंगटी उघडी पडली. मथुराबाईनं कवड्या टाकल्या. दहा!

डोमाजीला तेव्हाच दिसलं. मधली लाल दहा घरं चालवली की काळी मेली, आणि डाव आपलाच. त्यानं ओठ दाबून धरले, बोटं मांडीखाली घातली.

मथुराबाईनं सवयीनं सगळ्यात मागची सोंगटी धरली. बोटं टेकली आणि तिचा हात थांबला. आता तिलाही मधली दिसली होती. तिनं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

"असू द्या," धावजी म्हणाला. "आताच तं हात लागला. दुसरी चालवा, बाई. मायी ना नाही."

सगळे डोमाजीकडे बघू लागले.

"धावजीभाऊ, मन मोठं हाय तुमचं," तो हळू म्हणाला. "पन नियम समद्यांसाठी हाय. हात लागला ती चालवा."

मथुराबाईनं मागची सोंगटी दहा घरं सरकवली. पुढच्याच दानाला धावजीनं आपली काळी घरात नेली. त्यानंतर तिनं पुष्कळ झुंज दिली, पण डाव धावजीचा झाला. त्यानं तिला पुन्हा वाकून रामराम घातला. बक्षिसाची स्टीलची कोठी डोक्यावर घेऊन तांड्याची पोरं नाचत निघाली.

घरी जाताना मथुराबाई पुढे, डोमाजी मागे. ती झपाझप चालत नदीच्या उतारापर्यंत आली. डोमाजीला वाटलं, आता चार दिवस चुलीपाशी अबोला.

"तुमाले मधली दिसली होती ना?" तिनं एकदम विचारलं.

"दान पडलं तवाच दिसली."

"मंग कसे गप राह्यले?"

"पोट फुगलं होतं बाप्पा! अजून दुखून राह्यलं."

ती थांबली आणि डोळ्याला पाणी येईस्तोवर हसली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "हरली तं हरली. पन लग्न झाल्यापासून हा पह्यला डाव हाय, जो पुरा मी खेयली. चूक बी मायीच."

डोमाजी पुढे होऊन तिच्या बरोबरीनं चालू लागला. उजेड अजून होता. दोन्ही बाजूंना हिरव्या बोंडांचं रान वाऱ्यानं हलत होतं.

"उद्या धावजीभाऊच्या घरी जातो मी," मथुराबाई म्हणाली. "त्याची बायको रुपीबाई त्याच्यापेक्षा चांगली खेयते म्हनतात. तिच्यासंग बसून पाहातो."

"मी येऊ?"

"या ना," ती म्हणाली, "पन तुमी अंगनात धावजीभाऊसंग चहा प्या."

आणि दुसऱ्या दिवशी तसंच झालं. आतून कवड्यांचा आणि दोन बायकांच्या हसण्याचा आवाज येत राहिला, आणि अंगणात दोघं पुरुष सोयाबीनविषयी बोलत बसले.