अर्ज क्रमांक १२३४५

बोईसरच्या नव्या मासळी बाजारात चाळीस ओटे बांधले होते आणि त्यांतला एक मंजुळाला हवा होता. हौसेपोटी नव्हे. बाजार उघडला की रस्त्यावर टोपली मांडणारीला उठवणार, असं बाजार समितीनं रिक्षावर भोंगा लावून गावभर सांगितलं होतं. एकतीस वर्षं ती तारापूरहून शेअर रिक्षानं येऊन त्याच रस्त्याच्या कडेला बसत आली होती. ऊन डोक्यावर, गटार पायाशी. आता डोक्यावर पत्रा आणि हाताशी नळ मिळायची वेळ आली, तर मध्ये एक वेबसाइट उभी राहिली. ओट्याचा अर्ज तिच्यावरच भरायचा. कागद कुणी हातात घेणार नव्हतं.

ती वेबसाइट बनवत होता दर्पण. केळव्याच्या वाडीवाल्यांच्या घरचा, वय पस्तिशीच्या आसपास. मुंबईतली नोकरी सोडून बोईसरला एका झेरॉक्सच्या दुकानावर खोली घेऊन बसला होता. कुणाचा ताबेदार नाही, आपला आपण धनी. त्याची स्वतःची पण एक साइट होती, ‘साधी वाट’ नावाची. वेबसाइट कशी असावी ते तो तिच्यावर लिहायचा. अक्षर मोठं असावं, बटण बटणासारखं दिसावं, माणूस अडला तर दोष माणसाचा नव्हे, पानाचा. लोक लांबलांबून वाचायचे आणि वाहवा करायचे.

मंजुळाकडची मासळी तो नेहमी घ्यायचा. एकदा ती पेपर वाचत बसलेली त्याला दिसली, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. पन्नाशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात बसून ती अक्षरं शिकली होती. दर्पण तिथंच उकिडवा बसला.

"मंजुळामावशी, माझी साइट वापरून बघाल? तुम्ही जिथं अडाल तिथं मी दुरुस्त करीन."

"म्हंजे मी ठेचकाळायचं नि तू दगड उचलायचा."

"अगदी तसंच!"

"मंग चल. ठेचा खायची सवय हाय मला."

दर्पणच्या धंद्याचा एक नियम होता. बसलेल्या माणसाला मदत करायची नाही. शेजारी बसून नुसतं बघायचं, कुठं अडखळतो ते वहीत टिपायचं. मदत केली तर परीक्षा फुकट. पहिल्या दिवशी मंजुळानं फोन नंबर लिहिला आणि पडद्यावर लाल अक्षर उमटलं: ‘अवैध’.

"अवैद?" ती उसळली. "माजा नंबर काय चोरीचा हाय?"

दर्पणनं ओठ दाबून हसू गिळलं आणि टिपून घेतलं. पुढच्या खेपेला तिथं लिहिलेलं होतं, ‘आकडे दहा हवेत. तुम्ही नऊ लिहिलेत.’

"हां, आता कसं माणसासारखा बोलला," मंजुळा म्हणाली.

तिचा अंगठा पण काचेला कळायचा नाही. मासळी कापून कापून कातडी चिवट झालेली. चारदा दाबावं तेव्हा एकदा लागायचं. दर्पणनं बटणं मोठी केली. त्या दोन्ही दिवशी त्यानं तिला स्पष्ट सांगितलं होतं, की हे सरावाचं आहे, खरे अर्ज पंधरा तारखेपासून. तिलाही ते समजलं होतं.

पंधरा तारीख आली. अर्ज सुरू झाले आणि बायका फोटो जोडताना अडायला लागल्या. सतरा तारखेला दर्पणचा फोन आला, "मावशी, फोटोचं गाडं अडलंय. मी नवं करून ठेवलंय, उद्या येता?"

मंजुळा गेली. जाताना आधार कार्ड, फोटो, रस्त्यावर बसायच्या एकतीस वर्षांच्या पावत्यांचं पुडकं, सगळं घेऊन गेली. दर्पणनं ते पुडकं पाहिलं. पण त्याच्या मनात आलं, जिच्यामुळं ही साइट सुधारली तिनं आपला अर्ज पहिल्याच दिवशी भरला असणार. त्यानं विचारलं नाही. आणि खऱ्या यादीत कचरा नको म्हणून तिच्यापुढं साइटची सरावाची प्रत उघडली. मंजुळाच्या मनात आलं, तारीख उलटली, आता हे खरंच. तिनंही विचारलं नाही. विचारलं तर तो बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिनं नाव लिहिलं, नंबर लिहिला, फोटो जोडला. कुठं अडली नाही. पडद्यावर हिरवी खूण आली: ‘आपला अर्ज मिळाला आहे. अर्ज क्रमांक १२३४५.’

"सहा मिनिटं!" दर्पण खुर्चीतून उठलाच. "मावशी, फक्त सहा मिनिटं लागली तुम्हाला!"

मंजुळानं वर्गातली जुनी वही काढली आणि नंबर उतरवून घेतला. सोपा नंबर आला म्हणून तिला बरं वाटलं. दर्पण तोवर पाठ फिरवून कॉम्प्युटरवर बोटं चालवत होता. त्या दुपारी फोटोची अडचण खऱ्या साइटवरूनही गेली.

पुढचे आठ दिवस मंजुळा रस्त्यावर शाळा भरवून बसली. बायका फोन घेऊन यायच्या, ती दाखवायची. मदत करायला तिला कुणाचा नियम आडवा येत नव्हता. तिच्या शेजारी बसणारी सुगंधा गिऱ्हाइकांना सांगायची, "आधी आमच्या मास्तरणीला ईचारा, मंग बोंबील घ्या." सात जणींचे अर्ज मंजुळानं भरून दिले. मुदत संपली.

यादी बाजाराच्या दारावर कागदावर चिकटवली. वेबसाइट झाली तरी यादी कागदावरच. मंजुळानं बोट ठेवून चाळीस नावं वाचली. मग खालून वर वाचली. सुगंधा अकराव्या नंबरावर होती. सातही जणी होत्या. मंजुळा नव्हती.

समितीचा चिटणीस रामनाथ आत टेबलाशी बसला होता. त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

"तुमचा अर्जच नाही, बाई."

"हाय. नंबर हाय माज्याकडं." तिनं वही पुढं केली.

रामनाथनं वाचलं आणि शेजारच्या माणसाला दाखवलं. "एक दोन तीन चार पाच! अहो, असा नंबर असतो काय? बनवायचा तर जरा नीट बनवायचा."

शेजारचा हसला. "सहा सात पण लिहायचं ना, आजी."

मंजुळाच्या अंगावर कुणी घाण पाणी फेकल्यासारखं झालं. रस्त्यावर तिनं शिव्या खाल्ल्या होत्या, पण खोटी कुणी म्हटलं नव्हतं. तेही ज्या अक्षरांसाठी ती पन्नाशीत पोरांच्या बाकावर बसली त्या अक्षरांवरून.

ती तडक दर्पणच्या खोलीवर गेली. वही बघताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बराच वेळ तो बोलेना.

"नियम हाय काय आज पण?" मंजुळानं विचारलं.

"मावशी... ती प्रत सरावाची होती. तिथं कुणालाही हाच नंबर येतो. मला वाटलं, तुम्ही कधीच भरला असेल."

"मी पुडकं घेऊन आलेली. बघितलंस ना?"

"बघितलं."

"मंग चल रामनाथकडं. हेच सांग."

दर्पण खुर्चीतल्या खुर्चीत सरकला. बोलतो म्हणाला. जरा वेळ साधून बोलतो. समिती आणखी दोन बाजारांच्या साइट करणार होती, ते काम ठरायचं होतं. आत्ता चूक कबूल केली तर रामनाथ सगळाच अर्जांचा घोळ त्याच्या माथी मारेल. तो हे उघड म्हणाला नाही, पण बाजारात उभं आयुष्य काढलेल्या बाईला माणूस काय तोलतोय ते कळतं.

"वेळ साधायला मी पापलेट हाय काय? आज नाय तर उद्या वास येईल," ती म्हणाली आणि जिना उतरली.

पंधरा दिवस गेले. दर्पणनं रामनाथला फोन केला तो ‘काहीतरी गैरसमज झालाय’ इतकाच. मात्र एक काम त्यानं मन लावून केलं. ‘साधी वाट’वर लेख लिहिला. सुगंधानं तो मंजुळाच्या फोनवर पाठवला. मंजुळानं चष्मा लावून वाचायला घेतला. अक्षर मोठं होतं, वाक्यं छोटी, कुठं अडायला झालं नाही.

लेखाचं नाव ‘माझी सर्वांत मोठी चूक’. ‘एका ज्येष्ठ वापरकर्तीनं’ सरावाची प्रत खरी समजून कसा अर्ज भरला, तिची हक्काची जागा कशी गेली, सरावाच्या पानावर ठळक सूचना नव्हती हा दोष कसा पूर्णपणे लिहिणाऱ्याचा, सगळं होतं. खोटं एक अक्षर नव्हतं. शेवटी पाच धडे काढून दिले होते. खाली लोकांनी लिहिलं होतं. ‘केवढा हा प्रामाणिकपणा!’ ‘डोळ्यांत पाणी आलं.’ ‘असं कबूल करायला वाघाचं काळीज लागतं.’

मंजुळानं दर्पणच्याच खोलीखालच्या दुकानात लेखाची प्रिंट काढली आणि रामनाथच्या टेबलावर ठेवली. "घे. त्यानं लिहून दिलंय."

रामनाथनं सावकाश वाचलं. यावेळी तो हसला नाही. "यात तुमचं नाव कुठं आहे, बाई? बोईसर कुठं आहे? मासळी कुठं आहे? ही कुठलीही ज्येष्ठ वापरकर्ती असेल. त्यानं सही करून आणून दिलं तर बघू. नाहीतर पुढचे अर्ज दोन वर्षांनी."

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना मंजुळानं तो लेख पुन्हा उघडला. खाली लिहायची चौकट तिला लगेच सापडली. पाऊण तास लागला.

‘ही बाई मी. मंजुळा कमलाकांत तांडेल, तारापूर. बाजार बोईसरचा. साइट बनवणारा हाच. मला ओटा मिळाला नाही. याने समितीत येऊन सांगावे.’

अंगठा एकदाच दाबला आणि लागला. पडद्यावर आलं, ‘आपली प्रतिक्रिया तपासून प्रसिद्ध केली जाईल.’

कोण तपासणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पाचव्या दिवशी दर्पण आला. नवा बाजार उघडला होता. आत नळाखाली मासळी धुतल्याचा आवाज बाहेर येत होता. मंजुळा मागच्या गल्लीच्या तोंडाशी टोपली घेऊन उभी होती, कारण बसलं की समितीची माणसं उठवत होती. सुगंधानं आपला अर्धा ओटा देऊ केला होता, तर तिलाच नोटीस आली.

"मावशी, तुमचं वाचलं मी," तो हळू आवाजात म्हणाला.

"मंग दिसत का नाय?"

"टाकतो. फक्त बाजाराचं नाव आणि ‘साइट बनवणारा हाच’ एवढं काढलं तर चालेल का? बाकी सगळं ठेवतो. तुमचं नावसुद्धा."

मंजुळा त्याच्याकडं बघत राहिली. मारकुट्या नवऱ्यासारखा तो वाईट नव्हता, लबाड दलालासारखाही नव्हता. त्याचा चेहरा खरोखरच उतरलेला होता. तेच तिला जास्त लागलं.

"माजं नाव ठेवून काय करू?" ती म्हणाली. "लोक डोळ्यांत पानी आनतील? पानी हाय माज्याकडं. नळ नाय."

"मी तुम्हाला एक साइट बनवून देतो. घरपोच मासळीची. फुकट."

"माज्यासाठी काय बनवू नकोस, दर्पण. रामनाथ आत बसलाय. वीस पावलं हायत. येतोस?"

दर्पणनं बाजाराच्या दाराकडं पाहिलं. मग खिशातला फोन काढून त्यात काहीतरी बघितलं, परत ठेवला. "आज नको. पुढच्या आठवड्यात त्यांची मीटिंग आहे."

"जा मंग."

तो गेला. संध्याकाळपर्यंत त्या लेखाखाली आणखी नऊ जणांनी लिहिलं होतं. मंजुळाचं त्यात नव्हतं. एक बाई दराची चौकशी करत थांबली, तेवढ्यात कोपऱ्यावर समितीची गाडी वळली. मंजुळानं टोपली डोक्यावर घेतली आणि चालता चालताच दर सांगितला.