रेज पुन्हा पडला

रेज ब्लॅमायरला अख्खं इंग्लंड ओळखत होतं ते पडण्यासाठी. शिडीवरून, सायकलवरून, लग्नाच्या केकवर. तरुणपणी दर शनिवारी तो टीव्हीवर पडायचा आणि लोक पोट धरधरून हसायचे. पुढे खुब्याचा सांधा बदलावा लागला, लोकांची हसण्याची आवड बदलली, आणि रेज पक्ष्यांकडे वळला. पक्षी त्याला लहानपणापासून कळायचे, हे कोणाला माहीत नव्हतं इतकंच. निसर्गाच्या कार्यक्रमाचा निवेदक होताना त्याने एकच अट घातली, मी पडणार नाही. तरी पेट्रोल पंपावर, दवाखान्यात, अगदी बायकोच्या अंत्यविधीलासुद्धा कोणीतरी त्याला कोपराने ढोसून म्हणालंच, “रेज, एकदा पडून दाखव की!”

मी विनी, त्याची साउंडवाली. त्याच्या शर्टाला माइक मी लावते, त्यामुळे त्याचे उसासे दिवसभर माझ्या कानात. त्या जूनमध्ये ते फार वाढले होते. नॉरफोकच्या दलदलीतून रोज संध्याकाळी आमचा थेट कार्यक्रम जायचा आणि प्रेक्षक रोज थोडे गळायचे. आमची निर्माती इमोजेन रेजच्या मुलीच्या वयाची. तिने स्पष्टच सांगितलं, “रेज, या आठवड्यात काहीतरी दणदणीत दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हाला घ्या असं मी वरच्यांना कुठल्या तोंडाने सांगू?”

दणदणीत होतं ना! दलदलीला लागूनच थर्टलबाईंचा गहू होता आणि त्या गव्हात भोवत्याची जोडी घरटं करून होती. लांब पंखांचा हा सडपातळ शिकारी पक्षी आमच्याकडे आता बोटांवर मोजण्याइतका उरलाय. घरटं शोधलं रेजनेच. पण अंडी चोरणारे महाभाग अजून आहेत, म्हणून असं घरटं सख्ख्या बायकोलाही सांगायचं नाही, ही पक्षीवेड्यांची रीत. थर्टलबाईंना तेवढं सांगावं लागलं, नाहीतर कापणीत सगळं गेलं असतं.

“तेवढा तुकडा उभा ठेवते,” बाई म्हणाल्या. “पण गाड्या भरून माणसं आली ना माझ्या शेतात, तर आधी तुला तुडवीन.”

रेजने शब्द दिला. मी शेजारीच उभी होते, म्हणजे मीही अडकले.

“इमोजेनला सांग, नोकरी वाचेल,” मी एकदा म्हटलं.

“आणि पिल्लं?”

“मग दुसरं काहीतरी दाखव.”

“काय, बदकं? बदकांना लोक कंटाळलेत, विनी. मला कंटाळलेत. मीही मला कंटाळलोय.” मग जरा वेळाने म्हणाला, “नर हवेतच भक्ष्य सोडतो आणि मादी उलटी होऊन ते झेलते. ते एकदा जवळून बघायचंय. मग मेलो तरी चालेल.”

गुरुवारी इमोजेनने जागा बदलली. मागे पवनचक्कीचा मोडका बुरूज छान दिसतो म्हणे. तो बुरूज त्या भागातलं शेंबडं पोरही ओळखेल, आणि त्याच्या पायथ्याशीच थर्टलबाईंचा गहू. रेजने वारा, डास, खुबा, सगळी कारणं सांगून पाहिली. कोण ऐकतंय!

कार्यक्रम सुरू झाला. ओल्या फळीवर उभा राहून रेज बगळ्यांबद्दल बोलत होता. तेवढ्यात माझ्या हेडफोनमध्ये मादीची चिरकी हाक आली. नर भक्ष्य घेऊन येतोय. रेजनेही ऐकलं, तो अर्ध्या वाक्यात अडखळला. पाठोपाठ प्रक्षेपणाच्या गाडीतून इमोजेनचा आवाज आमच्या सगळ्यांच्या कानात, “गॅरेथ, त्याच्या मागे काहीतरी भारी उडतंय! त्याला सोड, पक्षी घे!”

आमच्या कॅमेरावाल्या गॅरेथचा कॅमेरा वर वळू लागला.

मग मला रेजचा श्वास ऐकू आला, नाकाने घेतलेला, लांब. त्याच्या जुन्या कार्यक्रमांत पडण्याआधी तो असाच श्वास घ्यायचा. तो फळीवर घसरला, दोन्ही हात गरागरा फिरवले, “आई गंऽऽ!” करून ओरडला आणि कमरेएवढ्या चिखलात तोंडावर आपटला. गॅरेथचा कॅमेरा झटक्यात खाली आला आणि तिथेच राहिला. रेज उठला, पुन्हा घसरला, पुन्हा उठला. मला रडू येत होतं, आणि मेली हसतही होते.

कार्यक्रम संपताच इमोजेन ब्लँकेट घेऊन धावत आली. “रेज! लोक वेडे झालेत, फोन थांबत नाहीयेत! पुढचं वर्ष पक्कं समजा. फक्त दर भागात एकदा पडायचं. चालेल ना?”

रेजने डोळ्यांवरचा चिखल पुसला. खुबा दुखत होता, ते त्याच्या उभं राहण्यावरून दिसत होतं.

“चालेल,” तो म्हणाला. “पण उद्यापासून जागा बदला. दलदलीच्या पार पलीकडे. इथे फार निसरडं आहे.”

“तुम्ही म्हणाल तिथे!”

“जित्याची खोड, दुसरं काय!” म्हणत गॅरेथने त्याची पाठ थोपटली आणि तो कॅमेरा आवरायला गेला.

मी रेजच्या ओल्या शर्टाचा माइक काढू लागले, तशी त्याने माझं मनगट धरलं.

“विनी,” तो हळूच म्हणाला, “तिने झेललं का गं?”

“मला नाही माहीत, रेज. मी तुझ्याकडेच बघत होते.”

“हो ना,” तो म्हणाला. “सगळेच.”