गाडीतून केलेला हात

रविवारी बाराच्या सुमारास गुरुदास नेरूरकरने कसालच्या बाजाराअलीकडे महामार्गाच्या कडेला गाडी थांबवली आणि हॉर्न दिला. तो ओरोसच्या एका कचेरीत वरिष्ठ लिपिक होता. दर रविवारी तो पत्नी शुभदाला घेऊन नांदगावला सासऱ्यांकडे जाई. सासरे एकटे राहत. मधुमेहामुळे त्यांना एक वाजता जेवावं लागे, आणि भाईंच्या खानावळीतलं बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, त्यांना फार आवडे. फोनवर पार्सल सांगायचं, पैसेही फोनवरूनच पाठवायचे आणि वाटेत घ्यायचं, हा सात महिन्यांचा शिरस्ता होता.

अडचण एवढीच, की खानावळ रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होती. रस्ता चौपदरी, मधे दुभाजक. गाडी खानावळीच्या दारात न्यायची तर पुढच्या पुलाखालून वळून यावं लागे आणि परत तसंच मार्गाला लागावं लागे. त्याला दहा मिनिटं जास्त लागत. ती दहा मिनिटं गुरुदासने कधीच दिली नव्हती. तो हॉर्न देई आणि खानावळीत कामाला असलेली शेवंती पार्सल घेऊन रस्ता ओलांडून येई. मग तो काच खाली करून विसाची नोट पुढे धरी आणि म्हणे, "ही तुका."

असे थांबणारे आणखीही होते. दुभाजकावरच्या कण्हेरीच्या रांगेत एक माणूस जाईल एवढी फट पडली होती. ती शेवंतीच्या पायांनी पडली होती.

शेवंती आतल्या गावातली, पन्नाशीला आलेली. घरची भातशेती आणि काजू वर्षाला पुरत नसत. मुलगी पूजा कुडाळला नर्सिंग शिकत होती, आणि तिचा वसतिगृहाचा खर्च या खानावळीच्या कामावर चालला होता.

त्या दिवशी शेवंती अलीकडचा अर्धा रस्ता ओलांडायला कण्हेरीच्या फटीत येऊन थांबली. एका हातात पार्सलची पिशवी, दुसऱ्या हातात सोलकढीची बाटली. गाड्यांची रांग तुटत नव्हती. गुरुदासने घड्याळ पाहिलं. मागून येणारी वाहनं दिसावीत म्हणून त्याने बाजूच्या आरशात पाहिलं. एक ट्रक येत होता, त्याच्यामागे रस्ता मोकळा होता. ट्रक पुढे जाताच त्याने काचेबाहेर हात काढला आणि जोराने हलवला. ये, आता ये.

शेवंतीने त्याच्या हाताकडे पाहिलं आणि पाय खाली ठेवला.

पुलापर्यंतचा वळसा चुकवायला एक दुचाकीवाला उलट्या दिशेने, दुभाजकाला चिकटून येत होता. ट्रकच्या आडून तो एकदम समोर आला. आरशात तो दिसणं शक्यच नव्हतं. शेवंती मागे कोसळली. पिशवी दुचाकीच्या हँडलला अडकून फाटली, लाल रस्सा डांबरावर पसरला, आणि दुचाकीवाला हेलकावे खात, मागे न बघता निघून गेला.

शुभदा दार उघडून धावली. शेवंती दुभाजकाच्या कठड्याला धरून उठली होती. कोपर सोलून निघालं होतं. सोलकढीची बाटली तिच्या हातात तशीच होती.

"लागला काय गो?" शुभदाने विचारलं.

"हातार. जीव रवलो."

गुरुदासही आला. त्याचा हात खिशाकडे गेला आणि पन्नासची नोट बाहेर आली. ती त्याने शेवंतीपुढे धरली. शेवंतीने नोटेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"नको, साहेब," ती म्हणाली. बाटली शुभदाच्या हातात देऊन ती फटीतून परत गेली.

गाडी कणकवलीच्या जवळ आली तेव्हा भाईंचा फोन आला. गुरुदासने स्पीकर लावला.

"साहेब, काय झाला ता? शेवंती काय सांगणा नाय. तिना बघूक नाय काय?"

एरवी गुरुदास भाईंशी मालवणीतच बोले. आता त्याच्या तोंडून कचेरीतली भाषा आली. "हे बघा भाई, त्यांनी दोन्ही बाजूंना नीट पाहायला हवं होतं. जरा घाई करतात त्या."

"माका वाटलाच. आज हातार गेला, उद्या जीवार बेतात. मगे पोलीस माझ्या दारात. आजचो दिवस भरान तिका कामावरसून बंद करतंय."

गुरुदासने फोन बंद केला.

"अहो, तुम्ही खोटं सांगितलंत," शुभदा म्हणाली.

"खोटं काय त्यात? बघायला नको होतं तिने?"

"ती बघत होती. तुमच्या हाताकडे."

"मी मुद्दाम केलं का? आणि मी दर वेळी वीस रुपये देतो. हातात देतो. बाकीचे पिशवी ओढून घेतात आणि काच वर करतात."

शुभदा शाळेत शिक्षिका होती. मुद्दा सोडायची तिला सवय नव्हती. "हॉटेलात आपण वाढणाऱ्याला टिप देतो, ती चांगलं वाढलं म्हणून. आपलं ताट आणायला त्याला कुणी ट्रकपुढून पळवत नाही. तुमची विसाची नोट टिप नव्हती. आपल्याला उतरायचं नव्हतं म्हणून तिला रस्त्यात उतरवलं, त्याचे ते पैसे."

"आपल्याला म्हणतेस. तूही गाडीतच होतीस."

"होते. बाबांना गरम मिळतंय म्हणून सात महिने गप्प बसले. आता तिचं काम जातंय. आता कशी गप्प बसू?"

सासऱ्यांनी त्या दिवशी कुळथाची पिठी आणि भात खाल्ला. "आज तिखला नाय?" त्यांनी विचारलं. शुभदाने त्यांच्यापुढे सोलकढी ठेवली. जेवणानंतर गुरुदास ओटीवर बसून राहिला. भाईंचा नंबर त्याने दोनदा काढला आणि दोनदा फोन उलटा ठेवला. एका शब्दाने बाईचं काम गेलं होतं, एका शब्दाने ते परत येणार होतं. पण त्या शब्दात गाडीतून केलेला त्याचा स्वतःचा हातही सांगावा लागणार होता.

परतीच्या वाटेवर खानावळ डाव्या अंगालाच येते. साडेचार वाजले होते. पाटी दिसली तरी गुरुदासने वेग कमी केला नाही. खानावळ मागे गेली. शंभरेक फुटांवर त्याने गाडी कडेला घेतली, क्षणभर स्टिअरिंग धरून बसला, आणि उतरून चालत मागे आला. शुभदा त्याच्यामागोमाग आली.

आत दोन गिऱ्हाइकं चहा पीत होती. भाई गल्ल्यावर होते. शेवंती कोपराला फडकं बांधून एप्रनची घडी घालत होती.

"येवा साहेब," भाई उठले. "दुपारचे पैसे परत..."

"पैसे रवांदेत. भाई, तिका काढू नका," गुरुदास म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. चहाचे कप थांबले. "दुपारी मी खोटा सांगलंय. ती थांबलली. मीच गाडीतसून हात केलंय, ये म्हणान. मी आरशात बघलंय, समोर बघूक नाय."

"मगे तेव्हाच कित्याक सांगूक नाय?"

"लाज वाटली."

भाई शेवंतीकडे वळले. "आणि तुका गो? तोंड नाय होता?"

"सांगान काय उपेग?" शेवंती म्हणाली. "माझ्यासाठी तुमी गिराइकाक खोटा पाडतल्यात?"

तेवढ्यात रस्त्यापलीकडून हॉर्न वाजला. एक लांबडी गाडी उभी होती. काच खाली झाली होती. टेबलावर पार्सल तयार होतं. सवयीने शेवंतीचा हात पिशवीकडे गेला.

"आता काय करू ता तुमीच सांगा," भाई गुरुदासला म्हणाले. "नाय पाठवलंय तर ही गाडी पुढे जातली. कणकवलेक काय खानावळी कमी असत? पलीकडच्या गिराइकार माझो रविवार चलता."

गुरुदास बाहेर गेला. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने हात वर केला. पंजा उघडा, थांबा म्हणून. मग पुलाकडे बोट दाखवून हवेत वळणाची खूण केली. पलीकडचा माणूस दोनदा आणखी हॉर्न वाजवून निघून गेला.

"गेलो," भाई म्हणाले.

पार्सल टेबलावरच होतं. शेवंतीच्या हातात एप्रनची घडी तशीच होती. मग भाईंचा फोन वाजला, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा. त्यांनी शेवंतीच्या कोपराकडे पाहिलं आणि फोन उचलला.

"होय, तयार आसा. पुलाखालसून वळान दारात येवा... नाय, रस्तो कोण ओलांडूचा नाय... नाय ओ, जमाचा नाय." ते बराच वेळ ऐकत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "येता म्हणता. शिवी घालून येता, पण येता."

शेवंतीने एप्रनची घडी मोडली आणि तो पुन्हा अंगाला बांधला.

शुभदाने रात्रीसाठी पार्सल सांगितलं. ते बांधताना गुरुदास पहिल्यांदाच पाहत होता. तिखल्याच्या डब्याला दोन पिशव्या, मधे केळीचं पान, बाटली उभी राहील अशी भाकऱ्यांची पुडी, वर सुटणार नाही पण ओढली की उघडेल अशी गाठ. सात महिने हे सगळं त्याच्या मांडीवर येत होतं. त्याने विसाची नोट पुढे केली.

"ही कित्याची?" शेवंतीने विचारलं.

"असा बांधलंस, थेंब सांडूचा नाय. तेची."

तिने हात पुसले आणि नोट घेतली. "मगे सांभाळून न्हेवा," ती म्हणाली. "ह्या रस्त्यार सांडला तर माका सांगू नका."

भाई पहिल्यांदा हसले.

वाचकहो, पार्सलवर टिप द्यावी का आणि किती, यावर आपण वाद घालतो. द्यावी. ज्याने रांधलं, बांधलं, नीट हाती दिलं, त्याचे आभार मानायची ती रीत आहे. पण दुसऱ्याचा जीव आपल्या दहा मिनिटांसाठी रस्त्यात ठेवायचा परवाना कुठल्याही नोटेवर छापलेला नसतो. टिप अवश्य द्यावी. फक्त त्याआधी गाडीतून उतरावं.